जुनें बिनतारी यंत्र हातीं आलें असतां



आपल्या विज्ञान-मंडळाच्या कपाटांत, खालच्या फळीवर, चार काळीं वॉकी-टॉकी यंत्रें ठेविलेलीं आहेत हें तुमच्यापैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. "सर, तीं आमच्या हातांत कां देत नाहीं?" हा प्रश्न दरवर्षीं नव्या वर्गांतून येतो. त्याचें उत्तर तोंडीं देऊन मी आतां थकलों आहें. म्हणून यंदाच्या वार्षिकांत तें लिहून ठेवितों. उत्तर थोडें लांब आहे. कारण त्यांत माझी स्वतःची एक चूक आहे, आणि ती लपविली तर उत्तर अपुरें राहील.

जुनें बिनतारी यंत्र आजकाल थोडक्या पैशांत मिळतें. कधीं फुकटही मिळतें. कारखानदार, हॉटेलवाले व ठेकेदार आपलीं जुनीं यंत्रें काढून टाकतात व तीं कोणाच्या तरी हातीं पडतात. परंतु तें वापरण्याचें ज्ञान आणि तें वापरण्याचा अधिकार या दोन गोष्टी यंत्राबरोबर मिळत नाहींत. त्या निराळ्या मिळवाव्या लागतात. कोणत्या क्रमानें मिळवाव्या, हाच या लेखाचा विषय आहे.

हें यंत्र करतें काय?

घरच्या रेडिओला फक्त कान असतात. वॉकी-टॉकीला कान आणि तोंड दोन्ही असतात. संदेश घेणारा एक भाग व संदेश पाठविणारा दुसरा भाग एकाच पेटींत बसवून दोहोंना एकच एरियल दिलेलें असतें. यंत्राच्या कडेला एक बटण असतें. तें मोकळें असतें तोंपर्यंत यंत्र ऐकतें. तें दाबलें कीं यंत्र बोलतें. मात्र बोलत असतां तें बहिरें असतें. ही शेवटची गोष्ट नीट ध्यानांत ठेवा. पुढें तिचें काम पडणार आहे.

मोबाइल फोन व हें यंत्र यांत मोठा भेद आहे. फोन जवळच्या मनोऱ्याशीं बोलतो आणि पुढचें सर्व काम मनोऱ्यामागील यंत्रणा करते. मनोऱ्याची वीज गेली कीं हातांतला फोन मुका होतो. वॉकी-टॉकीला मनोरा लागत नाहीं. एका यंत्राची लहर निघते ती थेट दुसऱ्या यंत्रास मिळते. हा तिचा गुण. पण फोनवरील बोलणें एकट्यासाठीं असतें, तसें हें नसतें. ज्या वारंवारतेवर तुम्ही बोलतां, ती उघडून बसलेल्या आसपासच्या प्रत्येक यंत्रास तुमचा शब्द ऐकूं जातो. आणि दोघे एकाच वेळीं बोलूं लागले तर तिसऱ्यास कोणाचेंच धड ऐकूं येत नाहीं. गांवच्या विहिरीवर एकानें पोहरा सोडला असतां दुसऱ्यानें थांबावें, तशीच ही रीत आहे. लहर कोणा एकाच्या मालकीची नाहीं; ती वांटून घ्यावयाची असते.

या विद्येंत आपल्या देशाचा वांटा लहान नाहीं. 1895 च्या सुमारास कलकत्त्यास जगदीशचंद्र बसु यांनीं भिंतींच्या पलीकडे विद्युत्‌लहरी पाठवून घंटा वाजवून दाखविली. 1901 सालीं मार्कोनी यांनीं अटलांटिक महासागराच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर संकेत पोंचविल्याचें जाहीर केलें. पुढें दुसऱ्या महायुद्धांत सैनिकांच्या पाठीवर बांधावयाचें बोलकें यंत्र आलें. त्याचें वजन 15 किलोग्रॅमच्या आसपास असे. आज तेंच काम करणारें यंत्र शर्टाच्या खिशांत मावतें. वजन घटलें, किंमत घटली. जबाबदारी मात्र तेवढीच राहिली आहे.

माझी चूक

चार वर्षांपूर्वीं नाताळच्या सुटींत आपला एक माजी विद्यार्थी मला भेटावयास आला. तो बांधकामाच्या धंद्यांत आहे. पिशवींतून हीं चार यंत्रें काढून त्यानें माझ्या टेबलावर ठेविलीं आणि म्हणाला, "सर, आमच्याकडे नवीन यंत्रें घेतलीं. हीं अजून चांगलीं चालतात. शाळेस उपयोगी पडतील." त्याचा हेतु चांगला होता. माझाही चांगलाच होता. परवान्याची गोष्ट त्याला सुचली नाहीं, आणि विज्ञानाचा शिक्षक असूनही मला सुचली नाहीं.

जानेवारींत क्रीडासंमेलन आलें. लांब पल्ल्याची शर्यत नदीकांठच्या वाटेनें जाते. वळणावरच्या वडापाशीं नववींतला एक हुशार मुलगा एक यंत्र घेऊन उभा राहिला आणि दुसरें घेऊन मी मैदानावर उभा राहिलों. पहिला धावपटू वडापाशीं येतांच त्या मुलानें बटण दाबलें व मोठ्या उत्साहानें सांगूं लागला: कोण पहिला, कोण दुसरा, कोणाच्या पायांत गोळा आला. बटण सोडतांच यंत्रांतून एका अनोळखी माणसाचा ओरडा ऐकूं आला: "कोण बोलतंय? लाइन सोडा! वर वजन टांगलेलें आहे!"

नदीपलीकडे त्या दिवसांत पाण्याच्या उंच टाकीचें काम चाललें होतें. ज्या ठेकेदाराचीं हीं यंत्रें, त्याचेंच तें काम होतें. यंत्रें आमच्या हातीं आलीं, पण त्यांच्या पोटांतील जुन्या वारंवारता तशाच राहिल्या होत्या. खालचा मुकादम क्रेनवाल्यास "थांब" म्हणत होता, नेमक्या त्याच वेळीं आमचा मुलगा शर्यतीचें वर्णन करीत होता. वजन जितकें उतरावयाचें त्याहून हातभर अधिक खालीं आलें. खालचा मजूर आधींच बाजूस झाला होता, म्हणून कोणास इजा झाली नाहीं.

संध्याकाळीं मी पुलावरून पलीकडे गेलों व मुकादमाची क्षमा मागितली. तो रागावला नाहीं. एवढेंच म्हणाला, "सर, तुमचा मुलगा जेवढा वेळ बोलला, तेवढा वेळ आमचा क्रेनवाला बहिरा झाला होता."

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. त्या मुलाचा यत्किंचितही दोष नव्हता. त्याच्या हातांत मीं एक वस्तु दिली होती, पण ती कशी वापरावी हें मलाच माहीत नव्हतें. दुसऱ्या दिवशीं चारही यंत्रांच्या बॅटऱ्या काढल्या आणि जिल्ह्याच्या गांवीं राहणाऱ्या एका परवानाधारक हौशी रेडिओचालकाचा शोध काढला. ते गृहस्थ वयोवृद्ध, निवृत्त व फार प्रेमळ होते. यंत्रें त्यांनीं आपल्यापाशीं ठेवून घेतलीं आणि मला रिकाम्या हातीं परत पाठविलें. बरोबर अभ्यासाची एक वही मात्र दिली. त्या वहींतून आणि पुढें त्यांच्या सहवासांत जें शिकलों, तें असें.

पहिली पायरी: परवानगी

आपल्या देशांत बिनतारी यंत्र नुसतें बाळगण्यासही परवाना लागतो, हा नियम फार जुना आहे. 1933 सालीं त्यासाठीं स्वतंत्र कायदा झाला. 2023 सालीं संसदेनें नवा दूरसंचार कायदा केला. दोहोंच्या मुळाशीं विचार एकच आहे: लहरींचा साठा मर्यादित असून तो सर्वांचा आहे, म्हणून त्याची वांटणी सरकारनें करावी. पोलीस, अग्निशामक दळ, विमानें, जहाजें, रेल्वे, कारखाने अशा प्रत्येकास वारंवारतेचा आपापला पट्टा नेमून दिलेला असतो.

आपल्यासारख्या नवशिक्यास दोन वाटा मोकळ्या आहेत. पहिली वाट सोपी पण अरुंद आहे. 2018 च्या नियमांनीं 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत चालणाऱ्या, अत्यल्प शक्तीच्या वॉकी-टॉकी यंत्रांस परवान्यांतून सूट दिली आहे. परंतु ही सूट त्या विशिष्ट जातीच्या यंत्रास आहे. जें यंत्र इतर वारंवारतांवरही बोलूं शकतें किंवा ज्याची शक्ति मर्यादेबाहेर आहे, तें केवळ 446 वर लावल्यानें सुटीस पात्र होत नाहीं. त्याचप्रमाणें अमेरिकेंतून कोणी आप्त भेट म्हणून जोडी आणतात. ती बहुधा 462 व 467 मेगाहर्ट्झच्या आसपास चालते. तिकडे ती घरगुती वापरासाठीं मोकळी आहे, येथें नाहीं. देश बदलला कीं वारंवारतेची वांटणीही बदलते.

दुसरी वाट हौशी रेडिओचालकाची. तीसाठीं सरकारी परीक्षा द्यावी लागते. वयाचीं 12 वर्षें पुरीं झालेला विद्यार्थीही ती देऊं शकतो. परीक्षेचे दोन भाग असतात: एक रेडिओच्या शास्त्राचा व दुसरा नियमांचा. मर्यादित वर्गाच्या परवान्यास मोर्सची कडकट्ट लागत नाहीं. सामान्य वर्गास ती लागते. परवान्याबरोबर स्वतःचें एक संकेतनाम मिळतें; आपल्याकडे तें बहुतकरून व्ही-यू या अक्षरांनीं सुरू होतें. वॉकी-टॉकीच्या कामाचे दोन पट्टे भारतांतील हौशी चालकांस दिलेले आहेत: 144 ते 146 मेगाहर्ट्झ आणि 434 ते 438 मेगाहर्ट्झ. नियमांचे बारकावे वेळोवेळीं बदलतात. म्हणून अर्ज करण्याच्या वेळीं जे चालू असतील तेच पाहावे.

परवाना हातीं येईपर्यंत कित्येक महिने जातात. ते फुकट जात नाहींत. पुढील सर्व पायऱ्या कागदावर आणि परवानाधारकाच्या शेजारीं बसून शिकतां येतात.

दुसरी पायरी: यंत्राची ओळख व तपासणी

जुनें यंत्र हातीं आलें असतां आधीं तें चालू करूं नये. आधीं तें वाचावें. मागची बॅटरी काढली कीं आंत एक चिठ्ठी चिकटविलेली असते. तीवर यंत्राचा नमुना व बहुधा त्याचा वारंवारतेचा पल्ला लिहिलेला असतो. ठेकेदारांकडील यंत्रें बहुधा 136 ते 174 किंवा 400 ते 470 मेगाहर्ट्झ या पल्ल्यांत येतात. आपलीं चारही यंत्रें दुसऱ्या जातीचीं निघालीं. म्हणजे 434 ते 438 हा हौशी पट्टा त्यांच्या पल्ल्यांत होता. तसा तो नसता, तर यंत्र कितीही चांगलें असो, आपल्या उपयोगाचें ठरलें नसतें. एका जातीचें यंत्र दुसऱ्या जातीच्या यंत्राशीं बोलत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. जुन्या बाजारांत जोडी म्हणून विकलेलीं दोन यंत्रें कधीं कधीं दोन जातींचीं निघतात.

मग बॅटरी पाहावी. फुगलेली, चिरलेली किंवा पाझरलेली बॅटरी कधींही चार्जरवर चढवूं नये. विशेषतः लिथियमची बॅटरी अशा स्थितींत पेट घेऊं शकते. तिला केरांत न टाकतां विद्युत्‌-कचरा घेणाऱ्याकडे द्यावें. चांगली बॅटरीही तिच्याच जातीच्या चार्जरवर, माणूस जागा असतांना चार्ज करावी. निकेलच्या बॅटरीचा चार्जर लिथियमला लावणें हा नवशिक्याचा नेहमींचा घात आहे. बॅटरी व यंत्र यांमधील पितळी पट्ट्यांवर हिरवा गंज चढला असल्यास तो स्वच्छ कोरड्या कापडानें किंवा पेन्सिलीच्या खोडरबरानें काढावा.

मोटारींत बसविण्याचें मोठें यंत्र असेल तर त्यास सुमारें 13.8 व्होल्टची एकदिशा वीज लागते. लाल तार धन, काळी ऋण. आणि लाल तारेंत फ्यूज असलाच पाहिजे. पूर्वींच्या मालकानें फ्यूज काढून तार थेट जोडलेली असते, असें पुष्कळदां आढळतें. ती तशी राहूं देऊं नये.

तिसरी पायरी: एरियल

एरियल न लावतां बटण दाबूं नये. हा नियम सर्वांत आधीं पाठ करावा. बटण दाबतांच यंत्राची शक्ति एरियलकडे निघते. एरियल नसेल किंवा चुकीच्या मापाचें असेल, तर त्या शक्तीस बाहेर जाण्यास वाट मिळत नाहीं. ती मागें फिरते, आणि शेवटच्या ट्रान्झिस्टरवर उष्णतेच्या रूपानें पडून तो जाळूं शकते. आपल्या चार यंत्रांपैकीं एक असेंच मेलेलें निघालें: तें ऐकत असे, पण बोलत नसे. म्हणून आतां चारांपैकीं तीनच कामाचीं आहेत.

माप कसें काढावें? लहरीची लांबी मीटरमध्यें हवी असल्यास 300 ला मेगाहर्ट्झच्या आंकड्यानें भागावें. 145 मेगाहर्ट्झची लहर सुमारें 2.07 मीटर लांब येते, 435 ची सुमारें 69 सेंटिमीटर. सरळ तारेचें साधें एरियल लहरीच्या चतुर्थांशाएवढें असतें. म्हणजे पहिलीसाठीं सुमारें 52 सेंटिमीटर व दुसरीसाठीं सुमारें 17. प्रत्यक्षांत तार यापेक्षां किंचित्‌ आंखूड कापावी लागते. यंत्रावरील रबरी एरियलच्या आंत तार गुंडाळलेली असते, म्हणून तें बाहेरून आंखूड दिसतें.

माप जमलें कीं नाहीं हें सांगणारा एक मीटर मिळतो. तो परत फिरणाऱ्या लहरीचें गुणोत्तर दाखवितो. गुणोत्तर 1.5 असतां शक्तीचा सुमारें पंचविसावा भाग परत येतो. हें चालण्यासारखें आहे. तें 3 असतां चतुर्थांश शक्ति परत येते. हें चालण्यासारखें नाहीं. दुरुस्तीच्या टेबलावर तर एरियलच्या जागीं 50 ओहमचा एक भारी प्रतिरोध लावितात, त्यास डमी लोड म्हणतात. तो शक्ति गिळून उष्णता करतो व जवळजवळ कांहींच बाहेर जाऊं देत नाहीं. नवशिक्यानें पहिलें बटण यावरच, आणि परवानाधारकाच्या समक्ष, दाबलेलें पाहावें.

चौथी पायरी: पोटांतील जुनें काढणें

हीच ती पायरी, जी आम्ही विसरलों होतों. व्यापारी यंत्रावर आंकड्यांचीं बटणें नसतात. वर फक्त 1 पासून 16 पर्यंत फिरणारी एक चकती असते. प्रत्येक खुणेमागें कोणती वारंवारता आहे हें यंत्राच्या स्मृतींत लिहिलेलें असतें, आणि तें बाहेरून दिसत नाहीं. यंत्राच्या जातीची खास तार संगणकास जोडून तें वाचतां व बदलतां येतें. वयोवृद्ध गृहस्थांनीं आमच्या समोर जुन्या सर्व वारंवारता पुसल्या व हौशी पट्ट्यांतील मोजक्या भरल्या. तेथें तीन गोष्टी जुळवाव्या लागतात.

पहिली, वारंवारता. एक यंत्र 435.000 वर व दुसरें 435.100 वर असेल, तर दोघे जवळ उभे राहूनही एकमेकांस मुके.

दुसरी, पट्टीची रुंदी. जुन्या यंत्रांत ती 25 किलोहर्ट्झ तर नव्यांत 12.5 असूं शकते. रुंद यंत्राचा आवाज अरुंद यंत्रावर फाटल्यासारखा येतो. अरुंदाचा रुंदावर क्षीण येतो.

तिसरी, टोन. बोलण्याच्या खालीं, कानास न जाणवेल असा एक मंद सूर यंत्र सतत सोडूं शकतें; 67.0 पासून 254.1 हर्ट्झपर्यंत असे ठरावीक सूर आहेत. ऐकणाऱ्या यंत्रास तोच सूर मिळाला तरच त्याचा कर्णा उघडतो. दोन यंत्रांची वारंवारता एक असूनही ऐकूं येत नसेल, तर शंभरांत बहुतेक वेळां दोष टोनचा असतो.

येथें एक फसवा समज दूर केला पाहिजे. विकणारे या टोनला "खासगी मार्ग" म्हणतात. तो खासगी नाहीं. टोन लाविल्यानें इतरांचें बोलणें तुमच्या कानांवर पडत नाहीं एवढेंच; तुमचें बोलणें त्यांच्या कामावर पडतच असतें. डोळे मिटून रस्ता ओलांडणाऱ्यास गाड्या दिसत नाहींत, म्हणून रस्ता रिकामा होत नाहीं. याकरितां बोलण्यापूर्वीं टोनची अट क्षणभर काढून ऐकण्याचें बटण यंत्रावर असतें, तें वापरावें.

पांचवी पायरी: उंची

"किती लांब ऐकूं जातें?" असा प्रश्न मुलें विचारतात, आणि विक्रेते त्यास मनास येईल तें उत्तर देतात. खरें उत्तर गणितांत आहे. या लहरी जवळजवळ दृष्टीसारख्या सरळ जातात, म्हणून पृथ्वीचा गोल त्यांस अडवितो. यंत्राच्या उंचीचें मीटरमधील वर्गमूळ काढून त्यास 4.12 नें गुणावें. आलेलें उत्तर म्हणजे त्या यंत्राचें क्षितिज किलोमीटरमध्यें. दोन यंत्रांच्या क्षितिजांची बेरीज हा त्यांमधील जास्तींत जास्त पल्ला.

मैदानावर उभ्या मुलाच्या तोंडाशीं यंत्र 1.5 मीटर उंचीवर असतें. त्याचें क्षितिज सुमारें 5 किलोमीटर. अशा दोन मुलांचा पल्ला 10 किलोमीटर. तोही झाडें, घरें, टेंकड्या मध्यें नसतील तर. गांवांत तो एक-दोन किलोमीटरवर येतो. तोच एक मुलगा 9 मीटर उंच गच्चीवर गेला कीं त्याचें क्षितिज 12 किलोमीटरांहून अधिक होतें; दुसरा आसपासच्या मैदानाहून 100 मीटर उंच टेंकडीवर चढला कीं त्याचें 41. दोहोंची बेरीज 53. मोकळ्या हवेंत शक्ति चौपट केली तर अंतर फक्त दुप्पट होतें. म्हणून अधिक वॉटचें यंत्र शोधण्यापेक्षां जिना चढावा. तो स्वस्तही आहे.

सहावी पायरी: ऐकणें, मग बोलणें

इतकें झाल्यावर बोलण्याची पाळी येते. आणि बोलण्याचा पहिला भाग ऐकणें हाच आहे. आमचा क्रम असा आहे. यंत्र कमी शक्तीवर ठेवावें. टोन काढून निदान अर्धा मिनिट ऐकावें. कोणी बोलत नसेल तर, "ही लहर कोणी वापरीत आहे काय?" असें आपल्या संकेतनामासह विचारावें व पुन्हां ऐकावें. बटण दाबल्यावर एक क्षण थांबून मगच बोलूं लागावें, नाहींतर पहिला शब्द कापला जातो. यंत्र तोंडापासून चार बोटें दूर धरावें. ओरडूं नये, कारण ओरडल्यानें आवाज लांब जात नाहीं, फक्त फाटतो. वाक्यें लहान असावीं. वाक्य संपलें कीं "ओव्हर" म्हणून बटण सोडावें व वाट पाहावी. दोन वाक्यांमध्यें मुद्दाम श्वासभर जागा ठेवावी, म्हणजे कोणास तांतडीचें सांगावयाचें असल्यास त्यास शिरतां येतें. बोलणाऱ्याचें यंत्र बहिरें असतें, हें आधीं सांगितलेंच आहे. जो न थांबतां बोलतो, त्याला कोणी हांक मारीत आहे हें कळण्याचा मार्गच उरत नाहीं.

पहिली चांचणी दोन खोल्यांतून घ्यावी. दोन यंत्रें अगदीं शेजारीं ठेविलीं तर शिट्टीसारखा आवाज येतो. तो बिघाड नव्हे. मग शंभर पावलांवरून, मग गच्चीवरून. प्रत्येक वेळीं तारीख, वेळ, वारंवारता, जागा व ऐकूं आलेल्या आवाजाची प्रत वहींत लिहावी. हौशी परवान्यावर व्यापाराचें बोलणें, गाणीं वाजविणें व गुप्त भाषेंत बोलणें यांस मनाई आहे, हेंही विसरूं नये.

हें सर्व कशासाठीं?

कोणी म्हणेल, खिशांत फोन असतां हा खटाटोप कां? त्याचें उत्तर 2004 सालीं मिळालें. त्या डिसेंबरांत हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या श्रीमती भारती प्रसाद व त्यांचे सहकारी सरकारी परवानगीनें अंदमानांत गेले होते. गेले होते ते छंदासाठीं. त्या दुर्मिळ बेटांवरून जगभरच्या हौशी चालकांशीं बोलावें म्हणून. 26 तारखेस त्सुनामी आली. नेहमींचीं दळणवळणाचीं साधनें कोलमडलीं, आणि ज्या यंत्रांवर आदल्या दिवसापर्यंत हौसेच्या गप्पा चालल्या होत्या, त्यांवरून बेटांवरील माणसांची खबरबात मुख्य भूमीवर जाऊं लागली.

यांत ध्यानांत घेण्याची गोष्ट ही कीं, संकट आल्यावर त्यांस यंत्र शिकावें लागलें नाहीं. परवाना होता, एरियल उभें होतें, आणि ऐकण्याची संवय अंगीं मुरलेली होती. तेंच यंत्र अशिक्षित हातांत असतें, तर त्याच दिवशीं त्यानें दुसऱ्याच्या संदेशावर संदेश चढवून अपाय केला असता. एकच बटण दोन्ही गोष्टी करूं शकतें. नदीकांठीं आम्हीं त्यांतली दुसरी करून पाहिली आहे.

आतां कपाटाविषयीं. मी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं परीक्षेस बसलों. माझ्या मागच्या बाकावर तोच वडापाशीं उभा राहिलेला मुलगा बसला होता. दोघेही उत्तीर्ण झालों. गुण त्याला अधिक पडले, हें येथें नमूद करणें योग्य आहे. परवाने आल्यावर त्या वृद्ध गृहस्थांनीं यंत्रें परत दिलीं. क्रीडासंमेलनाचें काम मात्र आजही शिट्टी, निशाण व दोन चपळ मुलें यांवरच चालतें. कारण हौशी परवाना त्या कामासाठीं नाहीं. यंत्रें अभ्यासासाठीं आहेत. दर शनिवारीं दुपारीं आम्ही दोघे, एक गच्चीवर व एक टेंकडीवर, बोलतों. ज्यांस शिकावयाचें असेल त्यांनीं शेजारीं बसून ऐकावें व वही भरावी.

पहिल्या शनिवारीं तो मुलगा टेंकडीवर होता. मीं गच्चीवर यंत्र उघडलें. अर्धा मिनिट गेला, एक मिनिट गेला, कांहींच ऐकूं येईना. बॅटरी गेली कीं काय असें मला वाटूं लागलें. मग त्याचा शांत आवाज आला. त्यानें आपलें संकेतनाम सांगितलें, लहर कोणी वापरीत आहे काय असें विचारलें, आणि बटण सोडून तो पुन्हां थांबला.

तुमच्यापैकीं ज्या कोणास असें थांबतां येईल, त्यानें माझ्याकडे नांव द्यावें. परीक्षेची वही तयार आहे.